तात्यांचे सारे जंतू

आमच्या चाळीत हिवाळ्यात स्वेटर घालणारा एकच जण होता, आणि तो म्हणजे सुकदेव तात्यांचं दह्याचं मडकं.

सुरतेची थंडी ती काय! पण जानेवारीत दहा-पंधरा दिवस उधन्याच्या मोकळ्या बाजूनं वारा सुटायचा आणि आमच्या पत्र्याच्या खोल्या गार पडायच्या. तात्यांकडे एकच स्वेटर होता. तपकिरी, कोपरावर उसवलेला. संध्याकाळी मिलमधून आले की ते अंगातला स्वेटर काढायचे, तो मडक्यावर चढवायचे, बाह्या समोर आणून गाठ मारायचे आणि स्वतः खांद्यावर टॉवेल टाकून शेजारी कुडकुडत बसायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "मी आठ तास बॉयलरसमोर शेकून आलो. याला कोण शेकवणार?"

मग मडक्याला कान लावायचे. आपण बोलायला गेलो तर ओठांवर बोट ठेवायचे. "हळू बोल. ते निजेल शेतस."

निजलेले ते म्हणजे कोण, हे तेव्हा मला कळत नव्हतं. तात्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. दही जित्तं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्याला ऊब लागते, झोप लागते, धक्का लागला तर ते रुसतं, आणि आदल्या दिवशीचं चमचाभर राखून ठेवलं नाही तर वंश बुडतो. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला आपल्याच घरातल्या दह्याबद्दल अपराधी वाटावं.

मी शहाद्याकडचा. साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांत नोकरीसाठी सुरतेला आलो आणि कापड रंगवण्याच्या एका मिलमध्ये टाइमकीपर म्हणून लागलो. तात्या त्याच मिलमध्ये बॉयलरवर फायरमन. मूळचे साक्रीच्या बाजूचे. काळेसावळे, सडपातळ, भुवया वाफेनं विरळ झालेल्या. बायको फार पूर्वी, गावी असतानाच गेलेली. मूल नाही. चाळीत बारा खोल्या होत्या आणि तात्यांची बारावी. तिच्यापुढे संडास. मालकानं त्यांना नेमकी तीच खोली का दिली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही कुणी ते बोलून दाखवत नव्हतो. तात्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. बाकीच्या अकरा खोल्यांत आमचे आमचे देव होते.

पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "गावात असतो तर मी तुला तुम्ही म्हटलं असतं, पाटील. पण ही सुरत आहे आणि तू माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेस. तेव्हा तू."

मी म्हटलं, "चालेल की."

"चालेल का, हे मी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

असा माणूस. नमस्काराऐवजी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पोट काय म्हनस?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. मुकादमी करणाऱ्या जॉबरला, मारवाडी किराणावाल्याला, एकदा मिल पाहायला आलेल्या बॉयलर इन्स्पेक्टरलासुद्धा. आणि "ठीक आहे" हे उत्तर त्यांना चालत नसे. ठीक म्हणजे कसं? दिवसातून कितीदा? जड की हलकं? मी हजेरीच्या खिडकीत बसायचो, माझ्यासमोर रांग लागलेली असायची, आणि तात्या त्या रांगेत उभे राहून मला मोठ्यानं माझ्या पोटाची हकिकत विचारायचे. मागचे चाळीस जण उत्तराची वाट बघायचे.

सुरतेचे लोक दह्यात साखर घालतात, हे त्यांचं कायमचं दुःख होतं. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराशी त्यावरून त्यांचं भांडण झालं. तो म्हणाला, काका, आमचं दही, आमची साखर, तमने शुं? तात्या म्हणाले, "तुझं कसलं? तू नुसता मडकं धरून बसलास. दही त्याचं त्याचं असतं." दुकानदारानं त्यांना दुकानातून घालवलं. तात्या परत आले ते विजयी मुद्रेनं. त्याचं दही त्यांनी बोटानं चाखलं होतं. "मढं शे," त्यांनी निकाल दिला.

त्यांचं दही मात्र खरोखर अचाट असायचं. दूध तापवून निवायला ठेवायचे आणि करंगळीची पाठ बुडवून ऊब बघायचे. वीस वर्षं वाफेशी संसार केलेली ती करंगळी. कधी चुकली नाही. सकाळी मडकं आडवं धरलं तरी दही जागचं हलत नसे. रोज अडीच शेर दूध लावायचे, एकटा माणूस. आणि मग वाटायचे. पलीकडच्या चाळीतली त्यांच्या समाजाची चार-पाच घरं न्यायची. कोपऱ्यावरचा मुसलमान शिंपी न्यायचा. उत्तरेकडचे दोन भय्ये न्यायचे. आमच्या चाळीतलं मात्र कुणी उघडपणे बाराव्या खोलीत जात नसे. दुपारी पुरुष कामावर असले, बायका लवंडल्या असल्या, की एखादी विरजणापुरती वाटी पदराखाली घेऊन जाऊन यायची. तिला पाहणारी दुसरी कूस बदलायची. तिलाही उद्या जायचंच असायचं.

माझं लग्न झालं, सुमन सुरतेला आली, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तिला टायफॉईड झाला.

ताप एकोणीस दिवस होता. सायकलरिक्षा तात्यांनी बोलावली, दवाखान्यात सुमन उतरताना छत्री तात्यांनी धरली. उधन्याच्या रस्त्यावरचे ते गुजराती डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी कॅप्सूल दिल्या. ताप उतरला, पण पोट कोसळलं. पाण्याचा घोट टिकेना. सुमन इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. तात्या बरोबर होतेच.

डॉक्टर म्हणाले, "कॅप्सूले खराब जंतु मारी नाख्या, पण साथे सारा जंतु पण मरी गया. हवे पातळी छाश आपो. घरना दहींनी. दहींमां सारा जंतु होय छे." आणि मग जपून बजावलं की मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवायचं, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर सरळ मोठ्या इस्पितळात न्यायचं.

गुजरातीत सारा म्हणजे चांगला; कॅप्सूलनं वाईट जंतूंबरोबर चांगलेही मेले, आता घरच्या दह्याचं पातळ ताक द्या, असं ते सांगत होते. तात्यांना ते माहीत होतं, तरी त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. चांगले जंतू? जंतू आणि चांगले? डॉक्टरांनी हसून मान हलवली. माणसाच्या आतड्यात असे लाखो राहतात, म्हणाले.

परतताना तात्या रस्त्यात तीनदा थांबले. इतकी वर्षं मडक्याला कान लावून ते ज्यांची चाहूल घेत होते, त्यांना आज नाव मिळालं होतं. "सारा जंतू!" ते स्वतःशीच म्हणत होते. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या रांगेत त्यांनी भाषणच केलं. "ऐका रे. लाखो जंतू एका पोटात ऱ्हातस. पाटलाच्या पोटात तेच, माझ्या पोटात तेच. कोणी कोणाला बारावी खोली देत नाही." रांग हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण माझ्यावरच आलं होतं.

त्या दिवसापासून तात्यांचं ताक सुरू झालं. सकाळी पाळीवर जाण्याआधी ते पातळ ताक घुसळून, भाजलेलं जिरं टाकून आमच्या खिडकीत ठेवायचे. "चार चमचे. पाचवा नको. पोट रुसलंय, त्याला चुचकारायचं." दुसऱ्या दिवशी सुमनच्या पोटात घोट ठरला. आठव्या दिवशी तिनं भाताची पेज मागितली.

त्याच सुमाराला सुनेच्या सेवेला माझी आई गावाहून आली. खिडकीतला तांब्या बघून तिनं विचारलं, "हे कोणाकडचं?"

"डेअरीचं," मी म्हणालो.

तोंडातून कसं आलं कळलं नाही. खरं सांगायचं तर कळलं. आई माळकरी होती, गावात तिचा शब्द होता, आणि मी टाइमकीपर झालो तरी तिच्यापुढे दहा वर्षांचाच होतो. संध्याकाळी मी बाराव्या खोलीच्या दारात उभा राहून कसंबसं म्हणालो, "तात्या, आईसमोर जरा..."

त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "समजलं. डेअरीचं सांगितलंस ना? बरं केलंस. डेअरीला जात नसते."

दुसऱ्या दिवशी खिडकीत तांब्या नव्हता. दुधाची काचेची बाटली होती, तोंडाला कागदाचा बोळा लावलेला, अगदी डेअरीची दिसावी अशी. माझं खोटं त्यांनी माझ्याहून नीट सांभाळलं. दीड महिना ती बाटली येत राहिली. आई रोज ती देवासमोर टेकवून मग सुनेला द्यायची.

सुमनला मी सगळं सांगितलं होतं. हिंडू-फिरू लागल्यावर ती एकदा भर सकाळी, आई नळावर असताना, बाराव्या खोलीकडे गेली आणि उंबऱ्यावर बसून तिथंच वाटीभर दही खाऊन आली. मला म्हणाली, "मी आत जाऊन बसणार होते. पण तात्यांनीच येऊ दिलं नाही. म्हणाले, सासू बघेल, तुलाच त्रास होईल."

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. बारशाला चाळीतले सगळे, मिलमधले पाच-सहा जण, आणि गावाहून आई. जेवायला कढी-भात, बट्टी, वांग्याची भाजी. दही अर्थात तात्यांचं. मोठी दोन मडकी. मी त्यांना आमंत्रण दिलं ते असं, "तात्या, सगळ्यांची जेवणं उरकली की या. निवांत बसू." सुमनला हे कळलं तेव्हा तिनं स्वतः जाऊन सांगितलं, "तात्या, नाव ठेवायच्या आधी या. पाळण्याजवळ उभे राहा."

ते तिच्या वेळेला आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, केसांना तेल. ओट्याच्या टोकाला उभे राहिले. पंगत बसली होती, कढी वाढली जात होती, आणि आई कौतुकानं प्रत्येकाला सांगत होती, "घ्या, आणखी घ्या. हे डेअरीवाल्याचं दही. माझी सून याच ताकावर उठली. पुण्यवान माणूस दिसतो तो डेअरीवाला."

तात्यांना पुण्य नको होतं. पण दह्याचा मान डेअरीला? तो त्यांच्यानं सोसवेना. तसे ते गर्विष्ठच होते, त्या एका बाबतीत. दोन पावलं पुढे येऊन ते म्हणाले, "आजी, डेअरीचं दही असं बसतं का? डेअरीचं दही म्हणजे पाणी. हे मना हातनं शे!"

पंगतीतले हात थांबले. वाढपी कढीचं भांडं धरून तसाच उभा राहिला. आईनं तात्यांकडे पाहिलं, मग ते जिथून आले त्या ओट्याच्या टोकाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"खरं का रे?"

मला आजही ती पंगत जशीच्या तशी दिसते. निम्म्याहून अधिक बायका त्या मडक्यातलं विरजण पदराखाली नेणाऱ्या होत्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. सुमन पाळण्याजवळ उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. "हो" म्हणायला काय लागणार होतं? एक अक्षर.

"नाही गं आई," मी म्हणालो. "डेअरीचंच आहे. तात्यांना थट्टेची सवय आहे."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग आईकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "थट्टा केली, आजी. मी बॉयलरवरचा माणूस, मला काय कळतं दह्यातलं?"

ते वळले आणि बाराव्या खोलीत गेले. पंगत पुन्हा सुरू झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लोकांनी कढी मागून घेतली. भांड्याच्या तळाला काही उरलं नाही.

जेवणं झाल्यावर सुमननं मुलीचं नाव ठेवलं तेव्हा तिनं ते इतक्या हळू आवाजात उच्चारलं की जवळच्या बायकांनाही ऐकू आलं नाही.

त्यानंतर तात्या माझ्याशी बोलले नाहीत. भांडले नाहीत, तक्रार केली नाही, माझ्याबद्दल कुणापाशी एक शब्द काढला नाही. सुमन बारशानंतर दहाव्या दिवशी त्यांच्याकडे गेली, पुढेही जात राहिली, आणि ते तिला विरजण देत राहिले, मुलीच्या पोटाची चौकशी करत राहिले. हजेरीच्या रांगेत ते आपल्यापुढच्याला विचारायचे, पोट काय म्हनस? आपल्यामागच्याला विचारायचे. मी बिल्ला पुढे करायचो, ते तो घ्यायचे आणि निघून जायचे. सगळ्या मिलमध्ये चौकशी बंद झालेलं पोट माझं एकट्याचं होतं. लोकांना वाटायचं मी सुटलो.

तुम्ही म्हणाल, चार पावलांवरची खोली, एकदा जाऊन माफी मागायची. मीही रोज तेच म्हणायचो. आधी म्हटलं, आई गावी परत जाऊ दे. ती गेली. मग म्हटलं, सगळे जरा विसरू देत. मग मुलगी चालू लागली, मग तिला भाऊ झाला. दोन वर्षांनी आई वारली. त्या डेअरीवाल्याला दुवा देतच गेली ती. आता मी कुणापासून लपवत होतो? तरी गेलो नाही. सुमन एकदा म्हणाली, "आईंचं नाव पुढे करणं आता तरी बंद करा." एवढंच. पुन्हा त्या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला मिलमध्ये कोळशाचा बॉयलर जाऊन तेलाचा आला. जुन्या फायरमनची गरज उरली नाही. तात्यांचा हिशेब ऑफिसनं चुकता केला, आणि ते साक्रीकडे बहिणीच्या गावी जाणार अशी बातमी आली.

ते निघायच्या दिवशी मी रजा टाकली. सकाळचे दहा वाजले होते, नळावर बायकांची गर्दी होती. मी घरातलं मोठं पितळी पातेलं घेतलं आणि अकरा खोल्यांसमोरून, सगळ्यांच्या देखत, बाराव्या खोलीकडे गेलो. आयुष्यात काही धाडस केल्यासारखं मला वाटत होतं.

दार उघडंच होतं. तात्या वळकटी बांधत होते. तसबीर उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी म्हणालो, "तात्या, विरजण पाहिजे."

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. "एवढ्या मोठ्या भांड्यात?"

मी पातेलं दुसऱ्या हातात घेतलं. ते म्हणाले, "नाही. चार दिवस झाले, मी दूध लावलं नाही."

"तुमच्यापुरतंसुद्धा नाही?"

"मी दही खात नाही."

मला वाटलं, राग काढताहेत. पण ते खरंच सांगत होते. वळकटीच्या दोरीला गाठ मारत, माझ्याकडे न बघता ते बोलू लागले.

"लहानपणी आई मला पाटलाच्या वाड्यावर ताकाला पाठवायची. फुकट मिळायचं. आम्ही गाडगं खाली ठेवायचं, लांब सरायचं, मग पाटलीण ओट्यावरून ओतायची. उंचावरून. भांड्याला भांडं लागायला नको. निम्मं गाडग्यात पडायचं, निम्मं अंगावर. आंबलेलं, शिळं. तो वास माझ्या नाकातून गेलाच नाही, पाटील. अजून घास घेतला की पोटात ढवळतं. सारा जंतू-बिंतू, मला नाही सोसत."

मी खालच्या आवाजात विचारलं, "मग रोज अडीच शेर..."

"मला वाटायचं," ते म्हणाले, "कोणीतरी येऊन, माझ्या हातून, हातात घेऊन जाईल. सरळ."

बाहेर नळावर बादली आपटल्याचा आवाज आला. मी माफीचे शब्द जुळवत होतो. सात वर्षं जुळवत होतो खरं तर. त्यातला एकही कामाचा निघेना.

"माझं चुकलं, तात्या," शेवटी मी म्हणालो.

त्यांनी ते मान्यही केलं नाही, धुडकावलंही नाही. वळकटी भिंतीला टेकवून ते उभे राहिले. निघायला अजून तास होता आणि आम्हा दोघांनाही कुठं बघावं कळत नव्हतं. मग कोपऱ्यातल्या माठाकडे वळून त्यांनी विचारलं, "पाणी देऊ?"

इतक्या वर्षांत मी त्या खोलीत पाणी प्यालो नव्हतो. त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी मागितलं नव्हतं. मी पातेलं जमिनीवर ठेवलं आणि खाली बसलो.

त्यांनी पेला धुतला. स्वच्छच होता, तरी दोनदा धुतला. मी पाणी पिऊ लागलो तेव्हा ते समोर उभे होते, आणि पेला रिकामा होईपर्यंत त्यांची नजर माझ्या गळ्यावरून हलली नाही.

"आखो देऊ? आणखी?" ते म्हणाले.

मला तहान नव्हती. मी पेला पुढे केला.